वर्ज्य रंग

त्या खोलीत माझी लाल रिबीन पांढरी दिसायची.

मिरजेला आमच्या घराच्या मागच्या अंगाला अण्णांची डार्करूम होती. मुळात ती सरपणाची खोली. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, दाराच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या आणि आढ्याला शून्य नंबरचा लाल दिवा. शाळेतून आले की दप्तर टाकून मी दारावर टिचकी मारायची. आतून अण्णा म्हणायचे, "थांब गं, पेपर उघडा आहे." मग बऱ्याच वेळानं कडी निघायची. आत गेल्यावर सुरुवातीला काही म्हणजे काही दिसत नसे. हळूहळू तीन ट्रे दिसायला लागायचे, दोरीवर चिमट्यांना लटकलेली गावातल्या लोकांची ओली तोंडं दिसायची, आणि कोपऱ्यातल्या फुटक्या आरशात मी. दोन वेण्या आणि त्यांना पांढऱ्या रिबिनी. आईनं सकाळी लाल बांधलेल्या असायच्या. बाहेर आले की त्या परत लाल.

अण्णांनी एकदा मला हे समजावून सांगितलं होतं. फोटोच्या ब्रोमाइड पेपरला निळा उजेड चटकन लागतो, लाल उजेड लागतच नाही. म्हणून तर डार्करूमला लाल दिवा. "त्या कागदाच्या लेखी लाल म्हणजे काळोख," असं ते म्हणाले. आणि आपल्याला त्या खोलीत लाल सोडून दुसरा उजेडच नाही, म्हणून आपल्या लेखी लाल आणि पांढरं एकच. एका रंगाची ही अशी दोन टोकांची गत मी दहाव्या वर्षी ऐकली आणि ती कायमची डोक्यात राहिली.

आमच्या पणजीचा घरात एकच फोटो होता. काचेच्या प्लेटवर घेतलेला, ठिपक्याठिपक्यांनी उडत चाललेला. त्यात तिच्या कपाळावर रुपयाएवढा काळाभोर गोल आहे. मला वाटायचं पणजीनं बुक्का लावलाय, माळकरी असेल. तो बुक्का नव्हता, कुंकू होतं. त्या काळच्या प्लेटा ऑर्थोक्रोमॅटिक असायच्या, म्हणजे आमच्या ब्रोमाइड पेपरसारख्याच लाल रंगाला आंधळ्या. म्हणून कुंकू काळं, ओठ काळे, आणि उन्हातान्हात राबलेल्या कातडीवरचा एकूण एक डाग, शीर, पुटकुळी गडद होऊन वर आलेली. पणजी चाळिशीची असेल तेव्हा. फोटोत साठीची दिसते. पण मी तिला त्या फोटोमुळे जशी ओळखते, तशी रंगीत फोटोतल्या कुणालाच ओळखत नाही.

तीच कातडी मी २०१९ साली पडद्यावर पाहिली आणि खुर्चीत सावरून बसले. रॉबर्ट एगर्सचा 'द लाइटहाउस'. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं एक दीपगृह आणि त्यावर अडकलेले दोन रखवालदार, विलेम डफो आणि रॉबर्ट पॅटिन्सन. छायालेखक जारिन ब्लाश्के यानं तो कोडॅकच्या डबल-एक्स फिल्मवर चित्रित केला. ही फिल्म १९५९पासून बाजारात आहे आणि तिला लाल रंग दिसतो. ब्लाश्केला मात्र तो दिसायला नको होता. मग लाल उजेड अडवणारा एक फिल्टर त्यानं खास बनवून घेतला आणि १९३०च्या दशकातल्या भिंगांपुढे लावला. अडवलेल्या उजेडाची भरपाई म्हणून सेटवर प्रचंड दिवे पेटवावे लागले. इतका खटाटोप कशासाठी, तर डफोच्या गालांवरच्या शिरा माझ्या पणजीच्या गालांसारख्या दिसाव्यात म्हणून. खाऱ्या वाऱ्यानं करपलेला चेहरा कसा असतो हे सांगायला त्या चित्रपटाला एकही वाक्य खर्चावं लागत नाही.

आजच्या काळात कुणी कृष्णधवल चित्रपट काढला की त्याचा अर्थ बहुतेकजण एकच लावतात : जुन्या दिवसांची ओढ. ज्यांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता त्यांना त्याची गोडी, असंही म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. आमच्या घरी तो टीव्ही होता आणि त्याच्यापुढे बसून आम्ही सगळे रंगीत टीव्हीचीच वाट बघत होतो. ओढ असेल तर ती रंगाची होती. क्रिस्टोफर नोलनच्या 'ओपनहायमर'मध्ये (२०२३) तर उलटच आहे. ओपनहायमरच्या नजरेतून दिसतो तो भाग रंगीत आणि त्याचा विरोधक स्ट्रॉस याची १९५९ची सिनेटपुढची सुनावणी, म्हणजे काळानं नंतरची, ती कृष्णधवल. तेवढ्या भागासाठी आयमॅक्स कॅमेऱ्याच्या मापाची कृष्णधवल फिल्म जगात उपलब्धच नव्हती. कोडॅकनं ती पहिल्यांदा तयार करून दिली. जुन्याची ओढ असलेला माणूस जुनी वस्तू शोधत जातो, नवी घडवून घेत नाही.

माझ्या भावाची मुलगी बावीस वर्षांची आहे. तिच्या आयुष्यात कृष्णधवल असं काही कधी नव्हतंच. आल्फोन्सो क्वारोनचा 'रोमा' (२०१८) तिनंच मला लावून दिला. सुट्टीत घरी आली होती. रात्रीची जेवणं झाली, मागचं आवरलं, आणि आम्ही दोघी पलंगावर भिंतीला टेकून बसलो.

'रोमा' सुरू होतो तो एका फरशीवर. वरून बघितलेल्या चौकोनी दगडी फरश्या, नुसत्या. श्रेयनामावली त्यांच्यावरच उमटत जाते. कुठेतरी खराटा घासल्याचा आवाज, पक्षी, बादली. मग पाण्याचा एक लोट येतो आणि फरशीवर पसरतो. त्या पाण्यात एकदम एक उजळ चौकोन उघडतो : वरच्या मोकळ्या जागेतून दिसणारं आभाळ. पुन्हा पाणी येतं, चौकोन मोडतो, साबणाचा फेस कडेला जातो, चौकोन परत जुळतो. आणि त्या एवढ्याशा आभाळातून एक विमान सावकाश निघून जातं. कॅमेरा काही मिनिटं हललेला नाही. मग तो वर उचलला जातो आणि फरशी धुणारी मुलगी दिसते. क्लिओ, मेक्सिको शहरातल्या रोमा वस्तीतल्या एका सुखवस्तू घरातली कामवाली.

हे मी नंतर कितीतरी वेळा पाहिलं. दर वेळी वाटतं की हे रंगात झालं असतं तर मी फरशी पाहिली असती, पाणी पाहिलं असतं, साबण पाहिला असता. त्या वस्तू ओळखून मोकळी झाले असते. रंग वस्तूची ओळख फार लवकर करून देतो. पिवळं म्हणजे लिंबू, हिरवं म्हणजे पान. डोळा ओळखतो आणि पुढे सरकतो. इथे ओळखायला रंग नाही, म्हणून डोळा उजेडापाशीच थांबतो. कोरडा दगड उजेड पितो, ओला दगड तो परत टाकतो, फेस तो विखुरतो. एक मुलगी रोज सकाळी कुत्र्याची घाण धुऊन काढते त्या जागेत इतका उजेड आहे हे त्या घरातल्या कुणालाही ठाऊक नाही. क्वारोनला ठाऊक आहे, कारण हे त्याचंच घर. ज्या लिबोनं त्याला लहानाचं मोठं केलं तिलाच चित्रपट अर्पण केला आहे. नातेवाइकांच्या घरांतून जुनं फर्निचर गोळा करून त्यानं ते घर पुन्हा मांडलं. कॅमेराही स्वतःच हाताळला आणि छायालेखनाचं ऑस्कर त्यालाच मिळालं.

पण जुनं घर मांडताना त्यानं जुन्या चित्रपटांचा दाणा मात्र आणला नाही. 'रोमा' आजच्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेला आहे, लख्ख, काचेसारखा. कॅमेऱ्यानं सगळं रंगीतच टिपलं. मग रंग काढताना कुठला रंग किती गडद आणि किती फिका उतरावा हे निवडता आलं. हे वाचलं तेव्हा मला अण्णांचे हात आठवले. एन्लार्जरचा उजेड पेपरवर पडत असताना ते तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती त्या उजेडात हलवत राहायचे. नवरदेवाचा चेहरा काळा पडत असला तर तेवढ्यावर चकती, नवरीच्या शालूचे बुट्टे उडत असले तर बाकी सगळं झाकून तेवढ्यांना जास्तीचा उजेड. ओठांनी आकडे मोजत. एका प्रिंटसाठी सात-आठ आकडे पाठ असायचे. काळ्या आणि पांढऱ्याच्या मधे किती जागा असते, हे मी त्यांच्या हातांकडे बघून शिकले.

चित्रपट संपला. दिवा न लावता भाची म्हणाली, "आत्या, त्या फरशीचा रंग काय असेल गं?"

मला काही सुचेना. माझ्या मनात तो प्रश्न आलाच नव्हता. "तुला काय वाटलं?" मी विचारलं.

"काहीच नाही वाटलं," ती म्हणाली. "आता संपल्यावर आठवलं, की अरे, तिला काहीतरी रंग असणार."

लोक म्हणतात, कृष्णधवल चित्र बघताना आपण मनातल्या मनात रंग भरत असतो आणि त्यातच खरी मजा. मी आजवर कधी रंग भरलेला नाही. भाचीनंही भरला नव्हता. हे काय होतं ते मला चित्रपटांतून नाही, गाण्यातून उमगलं. मिरजेत वाढल्यावर ते आपसूक होतं. आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली हाकेच्या अंतरावर. कुठल्याही दुपारी कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेलं असायचं, घोडीवरचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवत. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला सांगितलं होतं की मालकंस गायचा असेल तर तंबोऱ्याची पहिली तार पंचमात लावायची नाही, मध्यमात लावायची. मालकंसात पंचम वर्ज्य. नुसता गळ्यानं टाळून भागत नाही. जमीनच बदलावी लागते.

भूपात मध्यम आणि निषाद नसतात. म्हणून भूप ऐकताना आपण मनात निषाद भरतो का? निषाद विसरला जातो. उरलेल्या पाच सुरांमधलं अंतर मोठं होतं, गंधार आणि पंचम यांच्यामध्ये एक मोकळं मैदान तयार होतं आणि गळा तिथं हिंडतो. गवयाला निषाद येत नाही असं नाही. सगळे सूर येत असलेल्या माणसानं दोन सूर बाजूला ठेवले, म्हणून तो राग झाला. सत्तर वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल चित्रपटाला बहुतेक वेळा निवडच नव्हती. आजच्या दिग्दर्शकाकडे सगळे रंग हात जोडून उभे आहेत आणि तो त्यांना नको म्हणतो. त्यानं रंग वर्ज्य केला आहे. मला त्या नकाराबद्दल मनापासून आदर वाटतो.

(याच क्वारोनच्या हाताखाली आपला चैतन्य ताम्हाणे 'रोमा'च्या वेळी शिकला, आणि पुढे त्यानं 'द डिसायपल' केला, एका मराठी गवयाचा. क्वारोन त्याचा कार्यकारी निर्माता. तो चित्रपट रंगीत आहे, पण हे नातं मला फार आवडतं.)

तंबोरा मध्यमात लावणं म्हणजे काय ते पावेल पावलिकोव्स्कीच्या 'इडा'त (२०१३) दिसतं. १९६२चा पोलंड. जोगीण होण्याच्या उंबरठ्यावरची अनाथ मुलगी, आणि तिला प्रथमच भेटलेली मावशी, वांडा. मुलगी ज्यू आहे हे तिला मावशीकडून कळतं आणि दोघी आईबापांच्या हाडांचा शोध घ्यायला निघतात. चित्रपट जेमतेम ऐंशी मिनिटांचा. चौकट जुन्या पद्धतीची, चौकोनी. आणि माणसं तिच्यात पार खाली, कधी नुसती मान आणि डोकं. वर सगळी भिंत, नाहीतर आभाळ, किंवा काहीच नाही. रंग काढला तेव्हा चौकटही बदलली, कॅमेऱ्याचं चालणं-फिरणंही थांबवलं, बोलणंही कमी केलं. एका दृश्यात वांडा तबकडीवर मोझार्ट लावते, खिडकी उघडते, खोलीत इकडेतिकडे करते. कॅमेरा समोर उभा. ती चौकटीबाहेर जाते, परत येते, आणि खिडकीतून सरळ बाहेर पाऊल टाकते. संगीत चालूच. बाहेरचा दिवस इतका पांढरा आहे की ती त्या पांढऱ्यात विरघळल्यासारखी वाटते. मी ते पाहून रात्रभर जागी होते.

आणि वर्ज्य स्वराचा एखादा कण मोठा गवई जाणूनबुजून लावतोही. विवादी स्वर म्हणतात त्याला. निमिषभर लावायचा आणि सोडून द्यायचा, तोही अंगात तेवढी ताकद असेल तरच. 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये (१९९३) क्राकूवची ज्यू वस्ती रिकामी करत असताना त्या सगळ्या करड्या धावपळीतून एक लहान मुलगी लाल कोट घालून चालत जाते. पुढे तो कोट पुन्हा एकदा दिसतो, प्रेतांच्या हातगाडीवर. तीन तासांहून मोठ्या चित्रपटात स्पीलबर्गनं लाल रंग असा मोजून लावला आहे. पुष्कळ जणांना तो भडक वाटतो. मला वाटत नाही. शिंडलरनं इतका वेळ जे बघूनही पाहिलं नव्हतं, ते त्याला एकदम दिसलं, आणि त्याच्याबरोबर आपल्याला.

लाल रंगाचीच आणखी एक गोष्ट. मार्टिन स्कॉर्सेसी 'रेजिंग बुल'ची तयारी करत होता तेव्हा मुष्टियुद्धाच्या सरावाची दृश्यं त्यानं मायकेल पॉवेलला दाखवली. पॉवेल म्हणजे रंगाचा बादशहा, 'द रेड शूज'वाला. त्याला ते हातमोजे खटकले. लाल नकोत, असं त्याला वाटलं. १९८० साली तो चित्रपट कृष्णधवल आला, त्यामागे हेही एक कारण होतं. ज्याला रंगाची सर्वात जास्त जाण होती त्यानंच रंग कुठे नको ते ओळखलं.

आपल्याकडेही हे होत आहे. अनुभव सिन्हांचा 'भीड' २०२३ साली आला. विषय टाळेबंदीचा, म्हणजे तीनच वर्षांपूर्वीचा. त्या पायी चालणाऱ्या लोकांची रंगीत दृश्यं आपण सर्वांनी फोनवर, टीव्हीवर इतकी पाहिली होती की डोळ्यांना घट्टे पडले होते. रंग काढल्यावर ती माणसं बातमीतून बाहेर आली. आणि मल्याळममधला 'भ्रमयुगम' (२०२४)! ममूटी एका पडक्या वाड्यात बसलेला, बाहेर केरळचा पाऊस, आणि हिरवा रंग औषधालाही नाही. ज्यानं कोकणातला आषाढ पाहिला आहे त्यानं हे बघावंच. शेवाळ हिरवं नसलं की केवढं भयंकर असतं ते कळतं.

मराठीत 'श्यामची आई'ला हात लावणं म्हणजे आगीशी खेळ. अत्र्यांचा चित्रपट १९५३चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. वनमालाबाईंचा चेहरा लोकांच्या देव्हाऱ्यात बसलेला. त्याच वर्षी सोहराब मोदींनी 'झाँसी की रानी' टेक्निकलरमध्ये आणला होता, पण तो खर्च मराठी निर्मात्याच्या स्वप्नातही मावणारा नव्हता. सत्तर वर्षांनी, २०२३मध्ये सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा केली आणि आपणहून कृष्णधवल केली. मी बघायला गेले तेव्हा मनात धास्ती होती की जुन्या चित्रपटाची नक्कल असेल. नव्हती. रंगीत कोकण म्हणजे आता पर्यटनाच्या जाहिरातीतलं कोकण झालं आहे. नारळ हिरवे, समुद्र निळा, कौलं तांबडी. त्या रंगांत श्यामच्या घरची गरिबी देखणी दिसली असती. ते टळलं, याबद्दल मी त्या चित्रपटाची ऋणी आहे.

हेही खरं की कृष्णधवल ही आता एक चालही झाली आहे. फोनवर एक बोट फिरवलं की लग्नाचा फोटो 'क्लासिक' होतो. दागिन्यांच्या जाहिराती तशा, गाण्यांचे व्हिडिओ तसे. त्यातले बहुतेक डोळ्यांना मळकट लागतात, कारण हिरव्या भिंतीपुढे लाल साडी उभी करून नंतर रंग काढला, तर दोन्ही एकाच करड्यात बुडून जातात. भिंत आधी फिकी करायला हवी होती. ती तार पंचमातच राहिलेली असते.

अण्णांचं काम पुढे थांबलं. रंगीत रोल आले, ते धुवायला मोठ्या गावच्या लॅबमध्ये जायला लागले आणि डार्करूममध्ये परत सरपण आलं. त्याच्या आदल्या एखाद्या वर्षी त्यांनी पणजीची काचेची प्लेट शोधून काढली. तिचा नवा प्रिंट करून आजीला द्यायचा होता. पणजी म्हणजे आजीच्या सासूबाई. प्लेट पेपरवर ठेवून त्यांनी पांढरा दिवा क्षणभर लावला, पेपर डेव्हलपरमध्ये सोडला आणि मला म्हणाले, "ट्रे हलव. हळू." मी हलवत राहिले. पांढरा कागद पांढराच. मग मधोमध एक ठिपका आला. तो कुंकवाचा होता. त्याच्या मागोमाग केस, लुगड्याचा काठ, डोळे. चेहरा सगळ्यात शेवटी आला, अगदी सावकाश.

प्रिंट हायपोतून काढून, धुऊन अण्णांनी बाहेर उजेडात आणला. आजी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि बराच वेळ बघत राहिली. मग त्या काळ्या गोलावर बोट टेकवत म्हणाली, "सासूबाईंचं कुंकू असंच असायचं. लालभडक."

"आई, हात नको लावूस," अण्णा म्हणाले. "ओला आहे अजून."